घोड्याच्या पोटातले ऋतू

चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं एक पत्र बहुतेक मराठी माणसांनी ऐकलेलं असतं. रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी ते वाचलं जातं, आणि ते रास्तच आहे. कुणब्यांच्या घरचं धान्य, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला ओरबाडू नका, अशी सक्त ताकीद त्यात आहे. पण हा सगळा विषय सुरू होतो तो घोड्यांच्या दाण्या-वैरणीपासून. पावसाळ्याच्या बेगमीसाठी ठेवलेला साठा आत्ताच मनाला येईल तसा उधळलात, तर ऐन पावसात काही मिळायचं नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढे तर महाराज गवताच्या गंजीपर्यंत जातात. कुणी चूल पेटवील, कुणी तंबाखू ओढील, रात्री जळत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, गंजी पेटेल आणि मग साऱ्या पागेच्या तोंडचा घास जाईल, अशी भीती ते बोलून दाखवतात. राज्याभिषेकाच्या आसपासचा तो धामधुमीचा काळ. त्या धामधुमीत राजा उंदरापर्यंतचा विचार करतो, कारण घोड्याचा पावसाळा उन्हाळ्यातच ठरतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही अश्वाध्यक्षाचं एक प्रकरण आहे. तबेला कसा बांधावा, कोणत्या घोड्याला किती धान्य, तेल, मीठ द्यावं, याचे बारीक तपशील त्यात आहेत. तिथेच घोड्यांच्या वैद्यांचं एक काम सांगितलं आहे: घोड्याचं अंग घटतंय की वाढतंय ते बघून उपाय करायचा आणि ऋतूप्रमाणे आहार ठरवून द्यायचा. ऋतू बदलला की चारा बदलायचा, ही गोष्ट इतकी जुनी आहे. ती का करायची आणि किती सावकाश करायची, हे मात्र घोड्याच्या पोटात डोकावल्याशिवाय कळत नाही.

गाय आणि घोडा दोघंही गवतच खातात, पण दोघांच्या पोटांची रचना अगदी उलटी. गाय घाईघाईनं चरते, मग निवांत बसून रवंथ करते. गवत आंबवून त्याचं अन्न करणारे जिवाणू तिच्या पोटाच्या सुरुवातीलाच, मोठ्या कप्प्यात राहतात. घोड्याकडे रवंथ नाही. जे चावायचं ते एकदाच. त्याचं जठर अंगाच्या मानानं अगदीच लहान, ८ ते १५ लिटरचं, म्हणजे बादलीभर. त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत असतं, मग पोटात अन्न असो वा नसो. त्या आम्लावर उतारा असतो लाळेचा, आणि घोड्याच्या तोंडात लाळ सुटते ती फक्त चावताना. मोठ्या घोड्याला दिवसाकाठी ३५ ते ४० लिटर लाळ सुटते. पण ती त्याला मिळते दिवसभर चघळत राहिला तरच. मोकळ्या रानातला घोडा दिवसाचे १६-१७ तास तोंड चालवत असतो. त्याला पित्ताशयच नाही. थांबून थांबून जेवणाऱ्याला पित्त साठवून ठेवावं लागतं, सतत खाणाऱ्याला त्याची गरज नसते.

एक साधा प्रयोग कोणालाही करता येईल. घोड्यासमोर किलोभर वाळलेलं गवत टाका आणि शेजारी बसा. ते संपायला साधारण चाळीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात जबडा तीनेक हजार वेळा हलतो. मग दुसऱ्या वेळी किलोभर दाण्याचा तोबरा चढवा. दहा मिनिटांत तोबरा रिकामा. वजन तेवढंच, पण लाळ कितीतरी कमी. कामावर जाणाऱ्या घोड्याला घाईत चंदी चारून खोगीर कसणारा मालक त्याच्या जठरात आम्लाचं उघडं तळं ठेवून देतो. घोडा दौडू लागला की ते आम्ल वरच्या नाजूक अस्तरावर उसळतं आणि तिथे व्रण पडतात. त्याआधी दोन मुठी वाळकं गवत खाल्लेलं असेल, तर त्याची जाळी आम्लावर तरंगते आणि उसळी अडवते. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी गोष्ट दुसरी नसेल.

घोड्याला उलटी होत नाही, हेही इथेच सांगितलं पाहिजे. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट आवळलेला असतो की आत गेलेलं वर येत नाही. माणूस नको ते खाऊन ओकतो आणि मोकळा होतो. घोड्याला ती सोय नाही. वायूनं किंवा फुगलेल्या दाण्यानं जठर ताणत गेलं, तर ते फुटूही शकतं.

जठरातून अन्न लहान आतड्यात उतरतं. तिथे पिठूळ भाग, प्रथिनं, तेल यांचं पचन होतं, तेही भराभर. उरलेलं सगळं मागच्या भागात जातं: आधी मीटरभर लांबीच्या आणि तीसेक लिटर मावणाऱ्या अंधनाल नावाच्या पिशवीत, मग बृहदांत्रात. घोड्याचं खरं स्वयंपाकघर हे. इथे कोट्यवधी जिवाणू, बुरशा आणि एकपेशीय जीव गवताचे धागे आंबवतात, आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर घोड्याचा बराचसा निर्वाह चालतो. बृहदांत्र पोटात मावावं म्हणून दुमडलेलं असतं आणि एका वळणावर ते एकदम अरुंद होतं. कोरडा चारा तुंबला तर बहुतेक वेळा तिथेच.

हे मागच्या घरचे जिवाणू ज्या चाऱ्यावर वाढले त्या चाऱ्याचे असतात. कडबा खाणाऱ्या घोड्यात कडबा फोडणारे बळावतात, कोवळ्या गवतावरच्या घोड्यात दुसरे. चारा बदलला की आतली वस्ती बदलावी लागते, आणि त्याला दोन आठवडे सहज लागतात. आपल्याकडचा ऋतू मात्र एवढा धीर धरत नाही. मृगाचा एक पाऊस पडतो आणि आठ-दहा दिवसांत माळ हिरवा होतो. घोड्याच्या पोटाची बहुतेक दुखणी या दोन वेगांमधल्या अंतरात जन्म घेतात, असं मला वाटतं. ते अंतर भरून काढायचं काम घोड्याला येत नाही. ते माणसाचं काम आहे.

पायी फिरणाऱ्या घोड्यांना हा त्रास कमी होतो, कारण त्यांना ऋतू चालत चालत भेटतो. फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणात शेतात मेंढरं बसवत हिंडतात. पावसाच्या तोंडावर ते पुन्हा वर देशावर येतात. त्यांचं बिऱ्हाड असतं लहान चणीच्या, काटक घोड्यांच्या पाठीवर: भांडी, कोकरं, कोंबड्या. भीमेच्या खोऱ्यावरून नाव पडलेली भीमथडी घोडी ती हीच. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडेच तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ही फार आनंदाची गोष्ट आहे. माळाच्या वाळक्या गवतापासून भाताच्या खाचरातल्या बांधावरच्या चाऱ्यापर्यंत हे घोडं आठवड्यानं आठवडा, गावानं गाव पोचतं. रोज थोडं जुनं, थोडं नवं. शिवाय रोजची चाल. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं ‘न फिरवल्यामुळे’ हे एकच उत्तर आपण लहानपणी शिकलो, आणि घोड्याच्या आतड्यालाही ते तंतोतंत लागू आहे. फिरणाऱ्या घोड्याचं आतडं हलतं राहतं. दावणीला उभ्या घोड्याचं सुस्तावतं.

ज्या घोड्याला ऋतू एका रात्रीत भेटतो, त्याच्यासाठी सगळ्यात धोक्याचा उंबरठा म्हणजे जून. उन्हाळाभर कडब्याची कुट्टी आणि वाळकं गवत खाल्लेल्या जनावरासमोर अचानक कोवळं, रसरशीत हिरवं येतं. त्यात पाणीच तीन-चतुर्थांशाहून जास्त, धागा कमी, साखर भरपूर. घोडा आधाशासारखा तुटून पडतो. ती साखर लहान आतड्यात पुरी पचत नाही आणि मागच्या घरात जाते. तिथे साखरेवर झपाट्यानं वाढणारे जिवाणू माजतात, लॅक्टिक आम्ल साचतं, जुने धागाखाऊ जिवाणू मरू लागतात आणि त्यांच्या शरीरातलं विष रक्तात उतरतं. मालकाला दिसतो तो पातळ लीदेचा पो आणि फुगलेली कूस. कधी कधी दोन-तीन दिवसांनी घोडा पुढचे पाय ताणून, टाचांवर भार देऊन उभा राहतो, चालायला नाही म्हणतो. खुराला हात लावला तर गरम. हा लॅमिनायटिस, खुराच्या आतल्या पडद्याचा दाह. पोटात झालेली चूक खुरात दिसते, हे नवख्या माणसाला पटतच नाही.

यावरचा उपाय अवघड नाही, पण त्याला शिस्त लागते. पहिल्या पावसाआधी निदान महिनाभराची जुनी वैरण हाताशी राखून ठेवायची. हिरवं येऊ लागलं की पहिले तीन-चार दिवस एकूण चाऱ्याचा चौथा हिस्सा हिरवा, मग अर्धा, मग पाऊण. मोकळं चारायला सोडायचं असेल तर आधी वाळकं खाऊ घालून, पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं, मग रोज थोडं वाढवत. कापून आणलेलं ओलं गवत ढीग घालून ठेवू नये. हात घालून बघा, दोन-तीन तासांत ढिगाचं पोट गरम लागतं. आंबायला लागलेलं ते गवत घोड्याच्या पोटात जाऊन पुढे आंबत राहतं. दाण्याचंही हेच. दाणा बदलायचा तर तोही दहा-पंधरा दिवसांत, ओंजळी-ओंजळीनं.

कोवळ्या ज्वारीबद्दल वेगळं सांगायला हवं. पाण्याचा ताण बसलेल्या किंवा कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या ज्वारीत प्रुसिक आम्लाचं विष तयार होतं आणि ते खाऊन गुरं तडकाफडकी मरतात. शेतकरी त्याला किराळ लागणं म्हणतात. घोड्याला यापेक्षा संथ धोका आहे. हिरवी ज्वारी किंवा सुदान गवत आठवड्यांमागून आठवडे चारलं तर मूत्राशय बिघडतं, मागचे पाय लटपटू लागतात, आणि ते सहसा पूर्ववत होत नाहीत. नीट वाळलेल्या कडब्यात हे विष बहुतांशी उरत नाही, म्हणून कडब्याला घाबरायचं कारण नाही.

पाऊस एकदा लागला की शत्रू बदलतो. आता प्रश्न बुरशीचा. पेंढी सोडावी, मधलं गवत मुठीत घेऊन पिळावं, नाकाशी न्यावं. चांगल्या गवताला चहाच्या पत्तीसारखा हलका गोड वास असतो. बुरसलेल्या गवतातून करडा धुरळा उडतो आणि कुबट वास येतो. ती पेंढी उन्हात घालून, झटकून वापरायचा मोह टाळावा. बुरशी झटकली तरी तिचं विष धाग्यात राहतं. मक्याच्या बाबतीत तर बिलकुल हयगय नको. बुरसलेल्या मक्यातल्या एका विषानं घोड्याच्या मेंदूचा आतला भाग अक्षरशः वितळतो, आणि त्यावर औषध नाही. गंजी जमिनीवर न रचता फळ्यांच्या माचावर, भिंतीपासून हातभर लांब रचावी. तोबरा रोज धुवावा. भिजवलेला हरभरा पावसाळी दमट हवेत काही तासांत आंबतो. सकाळचा उरलेला संध्याकाळी देऊ नये.

दाणा संपला म्हणून कोंबड्यांचं खाद्य घोड्याला घालणारे लोकही भेटतात. असं कधीही करू नये. कोंबड्यांच्या, आणि काही गुरांच्याही, तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला ते हितकर, घोड्याच्या हृदयाला मात्र थोड्या मात्रेतही जीवघेणं. हे जितक्या पागांत पोचेल तितकं बरं.

ओल्या कुरणात जंतही वाढतात. लीदेतून पडलेल्या अंड्यांतून अळ्या निघतात आणि ओल्या पात्यांवर चढून बसतात. पात्याबरोबर त्या घोड्याच्या पोटात जातात. वर्षानुवर्षं दर दोन महिन्यांनी डोळे झाकून जंताचं औषध पाजण्याची पद्धत होती, आणि त्यातून औषधाला दाद न देणारे जंत तयार झाले. आता लीद तपासून, अंडी मोजून, घोड्याच्या वजनाप्रमाणे औषध द्यावं, असं पशुवैद्य सांगतात. कुरणातली लीद आठवड्यातून दोनदा उचलणं हे कोणत्याही औषधाइतकंच गुणकारी आहे. पोटऱ्यांच्या केसांवर राळ्याच्या दाण्यासारखी पिवळसर अंडी चिकटलेली दिसली, तर ती बॉट माशीची. घोडा पाय चाटतो, अळ्या तोंडातून जठरात जातात आणि महिनोन्‌महिने अस्तराला चिकटून राहतात. खरारा करताना ती अंडी खरवडून काढायची.

नवरात्राच्या सुमारास गवत कापणीला येतं. वर्षाचं पोट ठरवणारे हे तीन-चार आठवडे. कुसळी गवताला कुसळं धरण्याआधी कापलं तर ते मऊ, पौष्टिक. उशीर झाला की काडी लाकडासारखी होते आणि कुसळं हिरड्यांत, जिभेखाली रुततात. घोडा अर्धवट चावलेल्या गवताचे लगदे टाकू लागला, तर तोंड उघडून बघावंच. घोड्याच्या दाढा जन्मभर वर सरकत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे झिजताना त्यांना बाहेरच्या-आतल्या बाजूला धारदार कंगोरे येतात. वर्षातून एकदा दाढा घासून घ्यायला दसऱ्यापूर्वीचा काळ चांगला, कारण पुढे आठ महिने वाळका चारा चावायचा असतो. दसऱ्याला घोड्याची पूजा होते आणि प्रेमानं पुरणपोळी भरवली जाते. एक घास नैवेद्याचा, ठीक आहे. घरातल्या प्रत्येकानं एकेक पोळी भरवली, तर डाळ-गूळ-गव्हाचा तो ढीग मागच्या घरात जातो आणि जूनमध्ये गवताच्या साखरेनं जे होतं तेच होतं.

दाण्याच्या मापाचं इथेच सांगतो. आपल्याकडच्या साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज पाच ते सात किलो वाळका चारा हवाच. दाणा एका वेळी सव्वा-दीड किलोच्या वर नको. जास्त लागत असेल तर तीन-चार वेळा विभागून द्यावा. कुळथाला इंग्रजीत नावच मुळी घोड्यावरून पडलं आहे, इतका तो पागेतला दाणा होता. आणि जुने लोक तो शिजवूनच घालत, ते बरोबरच होतं. कच्च्या कडधान्यातली पचन अडवणारी द्रव्यं शिजवल्यानं जातात.

हिवाळा त्यामानानं सोपा. थंडीत ऊब हवी म्हणून लोक दाणा वाढवतात, पण घोड्याची शेगडी मागच्या घरात आहे आणि तिचं सरपण म्हणजे गवत. थंडीच्या रात्री एक पेंढी जास्त टाकली तर आंबण्याच्या क्रियेतून तो रात्रभर ऊब घेतो. पाणी मात्र कोमट द्यावं. गार पाणी घोडे कमी पितात आणि चारा तुंबतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाड, काठेवाड, पंजाबातून घोडे ट्रकमध्ये उभे राहून येतात. एका रात्रीत पाणी नवं, चारा नवा, भोवताल नवा. शहाणे व्यापारी चार-पाच दिवस पुरेल एवढा घरचा चारा बरोबर आणतात आणि तोच नव्यात मिसळत जातात. तिथे मोठ्या किमतीच्या घोड्यांना लिटरच्या लिटर दूध पाजल्याचं कौतुकानं सांगितलं जातं. मोठ्या घोड्याला दुधातली साखर पचवता येत नाही. ती पचवणारं विकर शिंगरूपण सरलं की आटतं. त्या दुधाचे पैसे उत्तम लसूण घासाला लावले, तर घोडा जास्त देखणा दिसेल, हे माझं ठाम मत आहे.

उन्हाळ्यात प्रश्न पाण्याचा आणि मातीचा. घोड्याचा घाम रक्तापेक्षा खारट असतो. माणसाचं उलट. माणूस घामेजला की रक्त खारट होतं आणि तहान लागते. घोडा मात्र पाण्याबरोबर मीठही एवढं गमावतो की मेंदूला तहानेची खबरच नीट मिळत नाही. पुढ्यात भरलेली बादली असून तो तोंड लावत नाही आणि मालक म्हणतो, त्याला नको असेल. रोज दोन चमचे मीठ चाऱ्यात घालावं. खूप घाम गाळणाऱ्याला त्याहून जास्त. कुट्टी भिजवून द्यावी. घामाघूम घोड्याला पाणी पाजलं की पोट धरतं, ही समजूत फार पसरलेली आहे. कामावरून आलेल्या घोड्याला पाणी नाकारणंच जास्त घातक आहे. काम संपताच त्याला पिऊ द्यावं.

माथेरानला मोटारी चालत नाहीत. दस्तुरी नाक्यापासून पुढे घोडे माणसं वाहतात, आणि चारा-दाणा खालूनच वर चढवावा लागतो. वाटा जांभ्याच्या तांबड्या मातीच्या. एप्रिल-मे महिन्यांत ती माती सगळीकडे असते: पानांवर, कपड्यांवर, जमिनीवर टाकलेल्या गवतावर. घोडा गवताबरोबर माती खातो आणि ती जड माती बृहदांत्राच्या तळाशी बसत जाते. तिथल्या एका वयस्क घोडेवाल्या मामांनी मला तपासण्याची रीत दाखवली. ताज्या लीदेचे पाच-सहा गोळे पारदर्शक प्लास्टिकच्या बरणीत घातले, पाणी ओतलं, ढवळलं आणि बरणी दगडावर ठेवून दिली. काड्या वर आल्या. तळाशी हळूहळू लाल रेघ धरली. ती बोटाच्या पेराएवढी झाली तेव्हा मामा म्हणाले, “बघा, डोंगरच खाल्लाय हिनं.” दुसऱ्या दिवसापासून गवत जमिनीऐवजी रबरी घमेल्यात पडू लागलं आणि डॉक्टरांना विचारून ईसबगोल सुरू झालं. लीदेचा गोळा ते दोन्ही हातांनी फोडून बघतात. ओलसर, चकाकणारा, सहज फुटणारा, आत अखंड दाणे नसलेला हवा. दिवसातून आठ-दहा वेळा लीद पडली पाहिजे. सकाळी ठाणावर किती गोळे आहेत, हे ते खोगिराआधी मोजतात.

त्याच मामांकडे एका जूनमध्ये मी मुक्कामाला होतो. आठवड्यापूर्वी पाऊस लागला होता. त्यांच्या पुतण्यानं हौसेनं खालून कोवळ्या गवताचा मोठा भारा आणला आणि दुपारी घोडीपुढे सोडला. संध्याकाळी घोडी कुशीकडे वळून वळून बघू लागली. मग पुढच्या खुरानं जमीन उकरायला लागली, ओठ वर करायला लागली, बसली, उठली, पुन्हा बसली. मामांनी तिच्या कुशीला कान लावला. निरोगी घोड्याच्या पोटात दूरच्या मेघगर्जनेसारखी घरघर सतत चालू असते. त्यांनी मला खूण केली. मी कान लावला. डावीकडे मधूनच टणक बुडबुड, उजवीकडे काहीच नाही. त्यांनी जबड्याखालच्या नाडीवर बोटं ठेवून घड्याळ धरलं. शांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला ३० ते ४०. तिचे ५६ भरले. साठाच्या वर गेले तर प्रकरण गंभीर, ते म्हणाले, आणि डॉक्टरांना फोन लावला.

शेजारचा एक जण बाटलीत तेल घेऊन आला होता. मामांनी त्याला थांबवलं. जबरदस्तीनं तोंडातून ओतलेलं तेल श्वासनळीत उतरून फुप्फुस बिघडलेले घोडे त्यांनी पाहिले होते. गवत, दाणा सगळं बाजूला केलं. दुखणं मारणारी उरलेली जुनी गोळी घरात होती, तीही दिली नाही. डॉक्टर येण्याआधी वेदना झाकली गेली तर पोटात काय चाललंय ते कळत नाही. घोडीला पावसात, कंदिलाच्या उजेडात, हळूहळू फिरवत राहिले. दमेल इतकं नाही, फक्त ती आडवी पडून लोळू नये एवढंच. डॉक्टर दस्तुरीपर्यंत गाडीनं आणि पुढे पायी आले, तोवर दोन तास गेले होते. त्यांनी नाकातून नळी जठरात घातली, वायू सोडवला, हात घालून आतडं चाचपलं, पीळ नाही अशी खात्री करून घेतली, मग नळीतूनच औषध आणि तेल घातलं.

रात्री दीडला ठोके ४८ झाले. तीनच्या सुमारास घोडीनं शेपूट उचलली आणि वारा सरला. मामा जागचे हलले नाहीत. पहाटे साडेपाचला चार गोळे पडले, पातळसर, हिरवट, तेलानं चकाकणारे. त्यांनी त्यातला एक उचलून उजेडाकडे धरला, फोडला, हुंगला आणि मग पुतण्याला चहा टाकायला सांगितलं.

उरलेला हिरवा भारा त्यांनी शेजारच्या ठाणावर दिला नाही. ताडपत्रीखाली पातळ पसरून ठेवला. घोडीपुढे त्या दिवशी दुपारनंतर भिजवलेल्या वाळक्या गवताच्या दोन मुठी पडल्या, संध्याकाळी आणखी दोन. हिरव्याची पहिली मूठ तिला चौथ्या दिवशी मिळाली.